वळकटीपासून डबलडेकरपर्यंत

स्मरणिका समितीच्या सभेला मी जरा उशिरा पोहोचले, तोवर सगळे मोठे विषय वाटून झाले होते. सोसायटीच्या नोंदणीचा इतिहास, पाण्याच्या टाकीचा इतिहास, लिफ्टचा इतिहास, गणेशोत्सवाचा इतिहास. सेक्रेटरी म्हणाले, "काकू, आता तुम्ही कशाचा इतिहास लिहिणार?" मी म्हटलं, "गच्चीच्या जिन्यात तो पलंग उभा करून ठेवलाय ना, त्याचा." सगळे हसले. हसणारच. गेली तीन वर्षे वार्षिक सभेत "जिन्यात सामान ठेवू नये" हा ठराव होतो, तो त्या एका पलंगामुळेच होतो, आणि तो पलंग मूळचा आमचा आहे.

पण मी ते थट्टेत म्हटले नव्हते. त्या दुमजली पलंगावर आपल्या सोसायटीतल्या तीन घरांतली सहा मुले वाढली. आता तो चौथ्या घरी जायचा आहे. जाण्याआधी त्याच्याबद्दलची एक गोष्ट मला कागदावर आणायची आहे, कारण गेली वीस वर्षे ती मी सगळ्यांना चुकीची सांगत आले. त्यासाठी जरा मागून सुरुवात करावी लागेल.

एकशे साठ चौरस फूट

माझे बालपण नायगावच्या बीडीडी चाळीत गेले. आपल्यातले बरेच जण लालबाग, परळ, गिरगाव, वरळी सोडून इकडे डोंबिवलीला आलेले असल्यामुळे चाळ म्हणजे काय हे त्यांना सांगायला नको, पण मुलांसाठी लिहिते. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. माणसे दाटीवाटीने, अंधाऱ्या खोल्यांत राहतात म्हणून रोग पसरतो, हे सरकारच्या डोळ्यांवर आले आणि १८९८ मध्ये शहर सुधारण्यासाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याच्या चाळींना लोक बीआयटी चाळी म्हणतात. पुढे १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोडला चाळी बांधल्या. त्या बीडीडी. तळमजला अधिक तीन मजले, मधून जाणारी लांब मार्गिका, दोन्ही बाजूंना खोल्या आणि मजल्यावरच्या सगळ्यांना मिळून संडास. खोली एकशे साठ चौरस फुटांची. आपल्या सोसायटीतल्या हॉलपेक्षा थोडी मोठी, एवढीच. तेवढ्यात मोरी, चूल, देव, कपाट आणि आम्ही सात माणसे.

इतकी माणसे झोपायची कुठे, हा चाळीतला रोजचा हिशेब होता. घरात एकच लोखंडी खाट. तिच्यावर आजी. दिवसा सगळ्यांच्या वळकट्या त्या खाटेवर रचलेल्या असायच्या आणि वरून चादर टाकली की तोच आमचा सोफा. रात्री वळकट्या उलगडल्या की जमीन दिसेनाशी व्हायची. खाटेखाली मी आणि धाकटी बहीण. दाराजवळ आई. भाऊ मोठा झाला तसा बाहेर मार्गिकेत झोपू लागला.

शिकणाऱ्या मुलांसाठी हा हिशेब आणखी अवघड असे. बाबासाहेब आंबेडकर लहानपणी परळच्या चाळीत एका खोलीत राहत आणि एल्फिन्स्टन हायस्कुलात शिकत. तिथे झोपायला आणि अभ्यासाला मिळून जागा पुरत नसे. म्हणून वडील रामजी सुभेदार त्यांना लवकर झोपवत, स्वतः जागे राहत, रात्री दोनला त्यांना अभ्यासाला उठवत आणि मग आपण त्याच जागी अंग टाकत. १९०७ साली ते मॅट्रिक झाले. आमच्या चाळीत ही गोष्ट प्रत्येक घरातल्या मुलाला ऐकवली जायची, कारण एका जागेवर दोघांनी पाळीपाळीने झोपणे काय असते ते प्रत्येक घराला ठाऊक होते.

आमचे बाबा गिरणीत साचेखात्यात होते. त्यांच्या पाळ्या बदलत. रात्रपाळी असली की त्यांची जागा रात्री रिकामी मिळे. हे आम्हाला कधी जाणवलेच नव्हते. जाणवले १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा. अडीच लाखांच्या आसपास कामगार एकाच वेळी घरी बसले. संपाबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे, पण मला पहिली आठवण आहे ती झोपण्याच्या जागेची. चाळीतल्या प्रत्येक खोलीत रात्री एक माणूस वाढला. पाळी हीच आमची दुसरी खोली होती, ती बंद झाली.

तेव्हा बाबांनी माळा झोपण्यालायक केला. मोरीवर सामानाचा माळा सगळ्यांकडेच असे. बाबांनी वरची भांडी, पत्र्याची ट्रंक खाली काढली, फळ्या पक्क्या केल्या आणि भावाला वर पाठवले. आमच्या घरातला तो पहिला वरचा बर्थ. पण त्याआधी बाबांनी एक काम केले. माळ्याच्या तोंडाशी आडवी फळी ठोकली. किती उंच? त्यांनी अंथरुण घालून बघितले, मग अंथरुणावर हाताची वीत ठेवली आणि तिथे खूण केली. भाऊ म्हणाला, "बाबा, मी काय लहान आहे पडायला?" बाबा म्हणाले, "झोपेत माणूस आपला नसतो."

हे वाक्य लक्षात ठेवा. मी विसरले होते.

डबलडेकर

एकावर एक झोपण्याची युक्ती अर्थातच आमच्या बाबांची नाही. जिथे जागा महाग आणि माणसे जास्त, तिथे ती सगळीकडे निघाली. जहाजांवर खलाशांसाठी, सैन्याच्या बराकीत, वसतिगृहांत. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत होते तेव्हा लोक भुयारी रेल्वेच्या स्टेशनांत झोपायला जात. त्या फलाटांवर पुढे तीन मजली पलंग बसवले गेले.

आपल्याकडे मात्र सामान्य माणसाला या प्रकाराची ओळख करून दिली ती रेल्वेने. खालचा, मधला, वरचा. कोकण रेल्वे नव्हती तेव्हाही पुणे, सोलापूर, नागपूरकडे जाणाऱ्या प्रत्येक घरातल्या मुलांनी "वरचा माझा" म्हणून भांडण केले आहे. मधला बर्थ रात्री दहा ते सकाळी सहा एवढाच उघडायचा, हा नियम आपण मोठी माणसे एकमेकांना अजूनही ऐकवतो. वरच्या बर्थवर लहान मूल झोपले की आई रात्रभर एक डोळा वर ठेवून झोपते, हा नियम कुठे लिहिलेला नाही.

आणि नाव दिले ते बसने. मुंबईत १९३७ साली दुमजली बस आली. आपली मुले वरच्या मजल्यावर सगळ्यात पुढच्या सीटवर बसण्यासाठी दोन-दोन बसगाड्या सोडायची. त्या जुन्या लाल डबलडेकरची शेवटची फेरी १५ सप्टेंबर २०२३ ला झाली, तेव्हा निरोप द्यायला लोक जमले होते. तर दुकानदार ज्याला बंक बेड म्हणतो आणि मराठीत दुमजली पलंग म्हणता येईल, त्याला आपल्या घरांत सुतार आणि मुले दोघेही "डबलडेकर"च म्हणत आले.

आपले घर

सहकारी गृहनिर्माण मुंबईत जुने आहे. गावदेवीची सारस्वत सोसायटी १९१५ ची. पण आपल्यासारख्या नोकरदारांच्या हाती स्वतःचा फ्लॅट आला तो महाराष्ट्राचा १९६० चा सहकारी संस्था कायदा आणि १९६३ चा मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा झाल्यानंतर, आणि तोही हळूहळू, गाडीच्या एकेका स्टेशनाने पुढे सरकत. घाटकोपर, मुलुंड, ठाणे, डोंबिवली. आपली सोसायटी २००० साली नोंदली गेली. आम्ही राहायला आलो तेव्हा मुलगी तीन वर्षांची होती आणि मुलगा पोटात.

वन बीएचके. पहिल्या दिवशी मला ते मैदान वाटले. दार लावून घेता येते अशी वेगळी झोपायची खोली मी आयुष्यात प्रथम पाहिली. दहा बाय नऊ. तीन वर्षांत ते मैदान भरले. डबल बेड, कपाट, शिलाई मशीन. मुले जमिनीवर गादी टाकून झोपत, आणि मला ते खुपायचे. चाळीतून बाहेर पडून परत पोरे जमिनीवरच? मग २००३ च्या दिवाळीआधी आम्ही डबल बेड हॉलमध्ये हलवला, खोली मुलांना दिली आणि सुतार बोलावला.

त्या काळी तयार बंक बेड इकडच्या दुकानांत फारसे दिसत नसत. सुताराने इमारतीखालीच, हल्ली स्कूटर लावतात त्या जागी, पलंग बनवला. एकोणीस मिलिमीटरचा प्लाय, वर पिवळसर सनमायका, सागवानी पाय. वरचा मजला जमिनीपासून पाच फुटांवर. शिडी उभी, गोल दांड्यांची. वरच्या मजल्याला पुढून आठ इंच उंच प्लायची पट्टी. भिंतीकडून काही नाही, कारण भिंतच आहे. संध्याकाळी सोसायटीतली सगळी पोरे खाली जमली होती आणि सुताराच्या हातातल्या प्रत्येक फळीवर चढून बघत होती. तेव्हा पंचवीसातले वीस फ्लॅट मुलांच्या गलक्याने भरलेले होते. पुढच्या दोन वर्षांत त्याच सुताराने तसेच आणखी चार पलंग या इमारतीत बनवले.

वर कोण झोपणार यावर तह झाला. एक आठवडा ताईचा, एक आठवडा धाकट्याचा.

२००५ चा मे महिना

आता ती गोष्ट.

मे महिन्यात पिंजारी आला. पावसाळ्याआधी गाद्या पिंजून घ्यायच्या ही आपली जुनी रीत. हे म्हणाले, "वरची गादी ठीक आहे, राहू दे." मला पटले नाही. दोन वर्षांत ती बसून तीन इंचांची झाली होती, पोरांना फळी टोचत असणार. मी हट्टाने ती पिंजून घेतली, वर दोन किलो नवा कापूस घातला. गादी अशी फुगली की मुलांनी तिच्यावर लोळण घेतली. सात इंच तरी झाली असेल.

चौथ्या रात्री, तीनच्या सुमाराला, धप्प असा आवाज आला. धाकटा साडेचार वर्षांचा होता आणि तो आठवडा त्याचा होता. पाच फुटांवरून फरशीवर. डोके वाचले ते देवाची कृपा. हसळीचे हाड मोडले. तीन आठवडे पट्टा.

दुसऱ्या दिवशी सगळी बिल्डिंग बघायला आली. कुणी शिरा आणला, कुणी चॉकलेट. प्रत्येक जण विचारी, "कसा पडला?" मी सांगे, "काय सांगू, मस्ती! वर उड्या मारतात ना." वीस वर्षे हेच उत्तर. त्याच्या मुंजीत सांगितले, त्याच्या दहावीच्या पेढ्यांच्या वेळी सांगितले. "लहानपणी फार द्वाड होता, पलंगावरून पडून हाड मोडून घेतलं." तोही हसायचा. निदान मला तसे वाटायचे.

खरे काय ते मला त्याच दुसऱ्या दिवशी दुपारी कळले होते. वरची चादर काढताना माझा हात गादीवरून घसरत सरळ पलंगाच्या बाहेर गेला. मध्ये काही अडलेच नाही. आठ इंचांची पट्टी, त्यात सात इंचांची गादी. पूर्वी पाच इंचांचा आडोसा होता, तो मी दोन किलो कापूस घालून एक इंचावर आणला होता. पोरगा मस्ती करत नव्हता. झोपेत कूस बदलली आणि गादीवरून जसा जमिनीवर लोळला असता तसा बाहेर लोळला.

मी जाड गादी खाली टाकली, खालची पातळ गादी वर टाकली आणि गप्प बसले. ह्यांनी "राहू दे" म्हटलेले मी ऐकले नव्हते, हे कबूल करायचे नव्हते. सुताराला बोल लावायचा, तर पट्टी किती उंच हवी हे मीही त्याला कधी सांगितले नव्हते. साडेचार वर्षांच्या मुलाचे नाव पुढे करणे सगळ्यात सोपे होते.

पुढची घरे

२०१२ मध्ये मुलीची दहावी झाली, तिला टेबल हवे होते. पलंग दुसऱ्या मजल्यावरच्या बँकेतल्या भाऊंकडे गेला. देताना मी काय सांगितले? "मुलांना वर मस्ती करू देऊ नका हं." तिथे एकदा त्यांच्या धाकट्याचा पाय मांडीपर्यंत पलंग आणि भिंत यांच्या मधल्या फटीत अडकला. खाली भिंतीला टाइल्सची पट्टी असते ना, तिच्यामुळे कुठलाच पलंग भिंतीला पूर्ण टेकत नाही, चारपाच बोटे जागा राहतेच. ही गोष्ट वहिनींनी मला हसत हसत सांगितली होती आणि मीही हसले होते.

२०१८ मध्ये तो तिसऱ्या मजल्यावर गेला. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये त्या पलंगाने जी नोकरी केली ती आम्ही कधी कल्पिली नव्हती. वरच्या मजल्यावर थोरल्याची ऑनलाइन शाळा, खालच्या मजल्यावर पुठ्ठ्याचा आडोसा करून बाबांचे ऑफिस, आणि धाकटी शिडीवर. त्या कुटुंबाने २०२२ मध्ये मोठे घर घेतले आणि पलंग जिन्यात आला.

ही दिवाळी संपली आणि तळमजल्यावरची सूनबाई माझ्याकडे आली. तिला दोन मुली, एक सात वर्षांची, एक चार. म्हणाली, "काकू, जिन्यातला पलंग आम्ही नेला तर चालेल? नवीन फार महाग आहेत." मी आनंदाने हो म्हटले. मग चहा पिता पिता तिने सहज विचारले, "तुमच्याकडे त्याच्यावरून कधी कुणी पडलं नाही ना?"

उत्तर तोंडात तयार होते. वीस वर्षांचा सराव. पण दाराशी तिची चार वर्षांची पोर माझ्या चपला घालून उभी होती. मी कप खाली ठेवला आणि सगळे सांगितले. गादी, कापूस, चादर, सगळे.

ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "टेप आहे का घरात?"

मोजमाप

मग आम्ही दोघींनी जिन्यात बसून तो पलंग मोजला. तिने नियमही शोधून काढले. ते मी इथे मुद्दाम देते, कारण आपल्या सोसायटीत आता पुन्हा लहान मुले आली आहेत आणि बंक बेड घरबसल्या मागवता येतात.

अमेरिकेत या पलंगांसाठी १९९९ च्या डिसेंबरमध्ये सक्तीचा नियम जाहीर झाला आणि २००० च्या जूनपासून लागू झाला. म्हणजे आपली सोसायटी आणि तो नियम एकाच वयाचे. तो सांगतो की सहा वर्षांखालच्या मुलाला वर झोपवू नये, आणि तशी सूचना पलंगावरच लावलेली हवी. वरच्या मजल्याला दोन्ही बाजूंनी कठडा हवा, भिंतीच्या बाजूनेसुद्धा, आणि भिंतीकडचा तर सलग. कारण मूल फटीत घसरून अडकते. भाऊंच्या धाकट्याचा पाय अडकला ते नशीब. छाती किंवा मान अडकली असती तर आवाजही आला नसता. पुढच्या बाजूला चढण्यासाठी मोकळी जागा पंधरा इंचांपेक्षा जास्त नको. आमची चोवीस होती. कठड्यातल्या दोन पट्ट्यांमधली फट साडेतीन इंचांहून जास्त नको, म्हणजे धड आधी सरकून डोके मागे अडकत नाही.

आणि मुख्य म्हणजे, कठड्याची उंची फळीपासून मोजायचीच नाही. गादीच्या वरून मोजायची. तिथून निदान पाच इंच. युरोपातले मानक त्याहून कडक आहे, १६० मिलिमीटर, म्हणजे सव्वासहा इंच. आणि गादी कुठवर जाड चालेल याची कायमची रेघ पलंगावरच आखलेली असावी असे ते सांगते. ते वाचून मला बाबांची वीत आठवली. त्यांनीही आधी अंथरुण घातले होते आणि मग हात ठेवला होता.

एक गोष्ट मात्र त्या नियमांत आम्हाला सापडली नाही, ती आपली आपणच बघायची. छताचा पंखा. आपल्या खोल्यांची उंची नऊ फूट. पंख्याची पाती छतापासून फूटभर खाली, म्हणजे आठ फुटांवर. वरचा मजला पाच फूट, त्यावर चार इंच गादी, त्यावर सात वर्षांची मुलगी बसली तरी डोके साडेसात फुटांवर. हात वर केला की झाले. पात्यांचा घेर चार फुटांचा. दहा बाय नऊच्या खोलीत मधोमध पंखा असला तर पात्याचे टोक एका भिंतीपासून तीन फुटांवर आणि दुसरीपासून अडीच फुटांवर येते. आणि पलंग तीन फूट रुंद. म्हणजे कुठल्याही भिंतीला लावा, पंखा हाताच्या अंतरावरच. आमची दोन्ही मुले नऊ वर्षे त्या पंख्याखाली झोपली, आणि मे महिन्यात उकडते म्हणून मीच तो पाचवर ठेवायची. आता अंगावर काटा येतो. त्या खोलीत छताचा पंखा काढून भिंतीवरचा लावायचा, हे सूनबाईने पलंग न्यायच्या आधीच करून घेतले.

बाकी सुखसोयीच्या गोष्टी अनुभवाने सांगते. गोल दांड्यांची शिडी पायाला टोचते. सपाट, रुंद पायऱ्या हव्यात, कारण मूल रात्री लघवीला उठते ते अर्धवट झोपेत. शिडीजवळ छोटा दिवा हवा. शेवटच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की उन्हाळ्यात स्लॅब तापतो आणि वरच्या मुलाला खालच्यापेक्षा जास्त उकडते. ताप आलेले मूल खालीच झोपवावे. वरच्या कठड्याला दोरी, ओढणी, पट्टा काही बांधू नये. खिळ्यांवर भरवसा नको. नटबोल्ट हवेत आणि ते दर सहा महिन्यांनी आवळावेत. आणि वरची चादर बदलणे हे कष्टाचे काम आहे, म्हणून ते घरातल्या बाप माणसाने करावे. हा नियम माझा.

आमच्या पलंगाचे पाय सागवानी, ते अजून खणखणीत. नव्या सुताराने पुढच्या पट्टीवर तीन इंचांची आणखी एक पट्टी फट न ठेवता बसवली, म्हणजे फळीपासून अकरा इंच झाले. भिंतीकडे तसाच सलग कठडा केला. चढायची जागा चौदा इंचांवर आणली. शिडी बदलली. गादी चार इंचांची फोमची, पिंजायचा प्रश्नच नाही. वर सात इंच कठडा उरतो. आतल्या बाजूला चार इंचांवर सूनबाईने नेलपॉलिशने लाल रेघ मारली आहे. आणि ठरले आहे की धाकटी सहा वर्षांची होईपर्यंत वर फक्त थोरली. धाकटीने यावर मोठा आकांत केला. तिला शनिवारी दुपारी, आई शेजारी उभी असताना, अर्धा तास वर बसायची परवानगी मिळाली आहे.

हे सगळे झाल्यावर मी मुलाला पुण्याला फोन केला. त्याला सांगितले की मी असे असे लिहिते आहे, स्मरणिकेत छापून येईल. तो जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आई, मी मस्ती करत नव्हतो. मी तेव्हाच तुला सांगितलं होतं, मी झोपलो होतो."

मला आठवत नव्हते. त्याला आठवत होते.

तर सभासद बंधू-भगिनींनो, पंचवीस वर्षांच्या इतिहासात ही एक दुरुस्ती करून घ्यावी. मुलगा द्वाड नव्हता. वरळीच्या बीडीडी चाळींतल्या पहिल्या काही कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. नायगावचे आमचे जुने शेजारी आता आपल्या पाळीची वाट बघताहेत. तिथेही पोरांची खोली होईल, तिथेही कुणी सुताराला बोलावेल. त्यांना मी ही मोजमापे फोनवर कळवणार आहे.

आपल्या इमारतीत त्या जुन्या सुताराचे आणखी चार पलंग होते. त्यांतले दोन अजून वापरात आहेत असे ऐकते. ज्यांच्याकडे ते असतील त्यांनी कृपया माझ्याकडून टेप घेऊन जावी. चहाही मिळेल.

आणि सेक्रेटरीसाहेब, येत्या रविवारी पलंग तळमजल्यावर जातो आहे. जिना मोकळा होईल. यंदाच्या वार्षिक सभेत तेवढा एक ठराव कमी करा.